रानवाटेची गाडी आणि रोजचा रस्ता

पावसाळा सुरू झाला की मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील ओळखीची माणसे विचारतात, "डॉक्टर, तुमची गाडी येईल ना हो?" आणि शहरातील व्यवसायबंधू विचारतात, "टिळकवाडीतून खडेबाजारात जायला हा रणगाडा कशाला?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी अनेक वर्षे आनंदाने देत आलो आहे. दुसरा प्रश्न मात्र मी हसण्यावारी नेत असे. त्याचा गांभीर्याने विचार करण्याची वेळ माझ्यावर एका संध्याकाळी आली. ती हकीकत पुढे येईलच. अलीकडे आपल्या अनेक तरुण सभासदांनी अशा दणकट गाड्या रोजच्या वापरासाठी घेतल्या आहेत, आणखी काही जण घेण्याच्या विचारात आहेत. त्यांना माझ्या अनुभवाचा उपयोग व्हावा, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

या गाड्यांचे मूळ रणभूमीवर आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, अमेरिकी सैन्यासाठी विलीज कंपनीने जी जीप मोठ्या संख्येने बनविली, तीच या घराण्याची मूळ गाडी. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली आणि पाहता पाहता ती वनखाते, पाटबंधारे खाते आणि पोलीस यांची गाडी झाली. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या आपल्या बेळगावला लष्करी जिप्सीची ओळख निराळी करून द्यायला नको. कॅम्प भागात वाढलेल्या प्रत्येकाने ती लहानपणापासून पाहिलेली आहे. २०१० मध्ये महिंद्रांची थार आली, २०२० मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली आणि २०२३ मध्ये मारुतीने जिम्नी बाजारात आणली. जी गाडी पूर्वी सरकारी कामाची समजली जाई, ती अशा रीतीने घरगुती झाली.

रानात या गाडीचे सामर्थ्य चार गोष्टींत असते. पहिली गोष्ट म्हणजे तिचा सांगाडा. साध्या मोटारीत कवच आणि सांगाडा एकच असतो. येथे शिडीसारख्या भक्कम लोखंडी चासीवर वरचे शरीर बसविलेले असते. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे दगडावर असताना बसणारा पीळ ही चासी सोसते. दुसरी गोष्ट उंची. नव्या थारचा पोटाखालचा मोकळा भाग २२६ मिलिमीटर सांगितला जातो. साध्या छोट्या मोटारीत तो बहुधा १६० ते १८० च्या घरात असतो. चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर गाडी टेकणार की सुटणार, हे या दोन इंचांवर ठरते. तिसरी गोष्ट चारही चाकांना मिळणारी शक्ती, आणि चौथी म्हणजे 'लो' गिअर, ज्यात वेग कमी होऊन चाकाची ओढण्याची ताकद वाढते. जांबोटीच्या पुढे कणकुंबीपर्यंतच्या पट्ट्यात पाऊस कोसळतो तो पाहिलेल्यास, किंवा आमगाव, गवळी यांसारख्या जंगलातील गावांच्या वाटा जुलैत पाहिलेल्यास, या चार गुणांची थोरवी सांगण्याची गरज नाही.

परंतु औषधाच्या दुकानात ज्याला गुण म्हणतात, त्यालाच चुकीच्या रोग्याच्या बाबतीत आपण दुष्परिणाम म्हणतो. येथेही तसेच आहे. वर सांगितलेला प्रत्येक गुण डांबरी रस्त्यावर काही ना काही किंमत मागतो.

चारचाकी शक्तीचेच पाहा. वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठे वर्तुळ कापतात, म्हणजे त्यांना अधिक अंतर जावे लागते. अशा बहुतेक गाड्यांत 'फोर व्हील' लावल्यावर पुढचा व मागचा दांडा एकमेकांशी बांधला जातो आणि दोघांना एकाच गतीने फिरणे भाग पडते. चिखलात चाक थोडे घसरून हा फरक भरून काढते. कोरड्या डांबरावर चाकाला घसरता येत नाही; मग सारा पीळ दांड्यांत आणि दातऱ्यांत साठतो, गाडी वळताना अडते, टायर घासतात. म्हणून शहरात ही गाडी दोन चाकांवरच चालवावी लागते. त्याचाच अर्थ असा, की ज्या सोयीसाठी आपण जास्त पैसे मोजले, ती रोजच्या रस्त्यावर निजलेलीच असते. आणखी एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. चार चाकांची शक्ती गाडीला निघायला मदत करते, थांबायला नव्हे. ब्रेक तर प्रत्येक मोटारीत चारही चाकांना असतात. उलट चिखलासाठी केलेले मोठ्या खाचांचे टायर ओल्या डांबरावर कमी पकड देतात आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते.

उंचीची किंमत वळणावर कळते. गाडी उलटण्याची शक्यता मोजण्याचे एक साधे गणित आहे: डाव्या व उजव्या चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. साध्या मोटारींत हा आकडा साधारण १.३ ते १.५ येतो, उंच गाड्यांत १.० ते १.३. आकडा जितका लहान, तितकी गाडी उलटण्यास सोपी. चोर्ल्याच्या घाटात उंच बसल्यामुळे आपल्याला रस्ता चांगला दिसतो, आत्मविश्वास वाढतो आणि नकळत वेगही वाढतो. वेग ताशी ६० वरून ८० वर गेला तर गतिज ऊर्जा सुमारे पावणेदोन पट होते. उंच आसनावर तो वेग जाणवत नाही, हाच मोठा धोका आहे.

आता आपल्या व्यवसायाशी निगडित भाग. जुन्या धाटणीच्या गाड्यांत पाट्यांच्या स्प्रिंगा असतात. भार असेल तेव्हा त्या उत्तम काम करतात. एकटा चालक बसलेला असेल तेव्हा त्या कडक राहतात आणि प्रत्येक खड्डा कण्यापर्यंत पोहोचवितात. बसलेल्या माणसाचे शरीर सेकंदाला चार ते आठ कंपनांच्या उभ्या धक्क्यांना सर्वांत संवेदनशील असते, हे आंतरराष्ट्रीय मानकांतही मान्य झालेले आहे. कडक स्प्रिंगची गाडी आणि खराब रस्ता ही जोडी नेमके त्याच पट्ट्यात धक्के देऊ शकते. कंबरदुखीच्या रुग्णाला मी वर्षानुवर्षे जे प्रश्न विचारत होतो, त्यात 'गाडी कोणती?' हा प्रश्न नव्हता. माझी स्वतःची कंबर दुखू लागल्यावर तो आला. नव्या गाड्यांत गुंडाळीच्या स्प्रिंगा आल्याने हा त्रास बराच कमी झाला आहे, हे मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

दुसरा प्रश्न चढण्या-उतरण्याचा. गुडघ्याचा संधिवात, खुब्याची शस्त्रक्रिया किंवा भरलेले दिवस असलेल्या व्यक्तीला हे आसन म्हणजे डोंगर आहे. माझी आई एकदा म्हणाली, "लेका, ह्या गाडीला आधी शिडी लाव, मग मला बोलव." आम्ही सारे हसलो. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आले, की तिने कपिलेश्वराच्या दर्शनाला आमच्याबरोबर येणेच बंद केले होते. गाडीमुळे येत नाही, असे ती कधी बोलली नाही.

आता ती संध्याकाळ. २०१६ सालची गोष्ट. रुग्णालयाच्या आवारात गाडी उभी होती. मी बसलो, आरसे पाहिले, मागे वळून पाहिले, काही दिसले नाही. रिव्हर्स टाकून क्लच सोडणार एवढ्यात वॉचमन धावत आला आणि त्याने बॉनेटवर दोन्ही हात आपटले. मी उतरलो. मागच्या दारावर बसविलेल्या जादा चाकाच्या सावलीत त्याची चार वर्षांची नात खडे मांडून खेळत होती. तिला काहीही झाले नाही. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा खेळू लागली. मी मात्र त्या रात्री गाडी तेथेच ठेवून रिक्षाने घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी मी एक साधा प्रयोग केला, तो प्रत्येकाने आपल्या गाडीवर करावा. मी चालकाच्या जागी बसलो आणि कंपाउंडरला एक स्टूल गाडीच्या मागे ठेवून हळूहळू दूर नेण्यास सांगितले. स्टुलाची उंची सुमारे ७० सेंटिमीटर, म्हणजे खाली बसलेल्या मुलाएवढी. ते मला प्रथम दिसले तेव्हा गाडीपासून जवळजवळ सहा मीटर लांब होते. पुढच्या बाजूने बॉनेटपासून दीड मीटरपर्यंत ते दिसत नव्हते. इतकी वर्षे मी उंचावरून सारे पाहतो आहे असे समजत होतो. प्रत्यक्षात मी फक्त दूरचे पाहत होतो.

उंच बॉनेटचा दुसरा दोष आघाताच्या वेळी दिसतो. बुटकी मोटार पादचाऱ्याच्या पायावर आदळते आणि तो बॉनेटवर पडतो. उंच, उभ्या नाकाची गाडी त्याच्या ओटीपोटावर किंवा छातीवर आदळते, मुलाच्या तर डोक्यावर. अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता ३० इंच वा त्याहून कमी उंचीच्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक आढळली. त्यात पुढे लोखंडी गार्ड लावला तर पाहायलाच नको. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अशा गार्डविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळविले होते. २०२० च्या थारला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार तारे मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण ते तारे आत बसलेल्यांच्या सुरक्षेचे आहेत, बाहेर चालणाऱ्यांच्या नव्हेत.

राहिला पाण्याचा प्रश्न. नवी थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते, असे कंपनी सांगते. हा आकडा साचलेल्या पाण्याचा आहे, ओढ्याचा नव्हे. सुमारे दोन फूट वाहते पाणी मोठ्या गाड्यादेखील वाहून नेऊ शकते. एका जुलैच्या रात्री प्रसूतीच्या रुग्णासाठी निघालो असताना ओढा साकवाला टेकलेला पाहून मी अलीकडेच गाडी थांबविली. पलीकडच्या माणसांनी त्या बाईला चादरीच्या झोळीत घालून साकवावरून आणले आणि गाडीने तिला खानापूरपर्यंत पोहोचविले. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. त्या रात्री गाडीचे खरे काम ओढ्याच्या अलीकडे उभे राहण्याचे होते.

एवढे सांगून मी गाडी विकली का? नाही. आठवड्यातून दोन दिवस मला त्या वाटांवर जावे लागते आणि तेथे तिला पर्याय नाही. मी काय बदलले ते सांगतो. मागे कॅमेरा आणि सेन्सर बसविले (जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत सेन्सर सक्तीचेच झाले आहेत, माझी गाडी त्याआधीची). पुढचा लोखंडी गार्ड काढून टाकला. चिखलाचे टायर बदलून रस्ता व रान दोन्हींना चालणारे टायर घातले. दाराखाली पायरी व आत धरायला दांडी बसविली. मागच्या आडव्या बाकांवर कोणालाही बसवीत नाही, कारण आडव्या बसलेल्या माणसाला समोरच्या धडकेत पट्टाही नीट वाचवू शकत नाही. गाडी मागे घेण्यापूर्वी उतरून एक फेरी मारतो. महिन्यातून एकदा ओल्या मातीवर 'फोर व्हील' लावून थोडे चालवितो, म्हणजे न वापरल्याने ती यंत्रणा जाम होत नाही. आणि शहरातल्या शहरात छोटी मोटार वापरतो. ती लिटरला सतरा किलोमीटर देते, ही दहा. हिशेब निराळा सांगायला नको.

नव्याने गाडी घेणाऱ्या तरुण मित्रांना एवढेच विचारावेसे वाटते: महिन्यातून किती दिवस आपले चाक डांबर सोडणार आहे? उत्तर 'आठ-दहा' असेल तर ही गाडी जरूर घ्यावी, ती आपल्या कामाची आहे. उत्तर 'वर्षातून एकदा, गोव्याला जाताना' असे असेल, तर जो रस्ता आपण रोज वापरतो तो इतरांचाही आहे, हे ध्यानात ठेवून निर्णय घ्यावा. आवड असण्यात गैर काही नाही. तिची किंमत दुसऱ्याने मोजू नये, इतकेच.

वॉचमनची ती नात आता शाळेत जाते. आवारात मला गाडीभोवती फेरी मारताना पाहून तिला गंमत वाटते. "काका, काय हरवलंय?" असे तिने एकदा विचारलेही. काही हरवलेले नाही, असे मी तिला सांगितले.