ट्रेल 401 : फुलांच्या कुरणांतून उतरणारी वाट

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात क्रेस्टेड ब्यूट गावाच्या उत्तरेस असलेली ट्रेल 401 ही माउंटन बायकिंगमधील अत्यंत देखण्या वाटांपैकी एक असून, जुलैमध्ये तिच्यावरून उतरणाऱ्याला हा लौकिक अजिबात अतिशयोक्त वाटत नाही. ती ‘सिंगलट्रॅक’, म्हणजे एका वेळी एकच सायकल जाईल इतकी अरुंद पायवाट, आहे. फेरी बहुधा गॉथिक या जुन्या खाणगावातून सुरू होते, जिथे 1928 पासून रॉकी माउंटन जीवशास्त्रीय प्रयोगशाळा कार्यरत आहे. तेथून कच्च्या रस्त्याने सुमारे 3,260 मीटर उंचीची स्कोफिल्ड खिंड गाठावी लागते आणि खरी कसोटी त्यापुढे, स्प्रूसच्या रानातील चढावर लागते. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असल्यामुळे धडधाकट स्वारालाही लवकर धाप लागते. म्हणून हलक्या गिअरवर संथ, एकसारखे पेडल मारणेच श्रेयस्कर ठरते.

माथ्यानंतर वाट डोंगरउतारावरील कुरणांतून खाली धावते, आणि ल्युपिनची निळी-जांभळी फुले व कॉर्न लिलीची रुंद पाने काही ठिकाणी हँडलच्याही वर येऊन पुढचे वळण झाकतात. तेथे ड्रॉपर, म्हणजे बटण दाबून खाली नेता येणारी सीट, उतरवून वजन मागे ठेवावे, नजर लांब ठेवावी आणि चढून येणाऱ्यास आधी वाट द्यावी. उन्हाळ्यात दुपारनंतर विजांचे वादळ वारंवार येत असल्याने उघड्या माथ्यावरून सकाळीच उतरणे आवश्यक असते.