नम्म हुडुग यारू इल्लेनु?

२०२४ च्या नोव्हेंबरात चार दिवस सुरतेला आक्काकडे होतो. तिच्या सासूबाईंचे, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या अज्जींचे, मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. दाजी मूळचे चिकोडीकडचे. इचलकरंजीत मागावर जॉबर होते, तिथून उधन्याला आले आणि सुरतेचेच झाले. त्यांच्या घरात अज्जींशी कन्नड, आक्काशी मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती चालते. भाच्याचा जन्मच सुरतेचा. त्याचे कन्नड दोन गोष्टींपुरते, एक अज्जी आणि दुसरी आरसीबी.

गुजरातचा स्वतःचा संघ २०२२ साली आला आणि पहिल्याच वर्षी कप घेऊन गेला. कप्तान हार्दिक पंड्या, तोही सुरतेत जन्मलेला. भाच्याच्या वर्गातली सगळी पोरे तिकडे गेली. हा मात्र बेंगळुरूला चिकटून राहिला. का, म्हणून विचारले तर म्हणाला, "मामा, अज्जीचा संघ आहे." अज्जींना क्रिकेटमधले चौकार-षटकार सोडून फारसे काही कळत नाही. पण टीव्हीवर चिन्नास्वामी मैदान दिसले की त्या सरसावून बसतात, एवढे खरे.

२४ नोव्हेंबर, रविवार. जेद्दाहला आयपीएलचा मोठा लिलाव होता. मी नेलेला कुंदा मधे ठेवून आम्ही दुपारपासून टीव्हीपुढे बसलो. अज्जी डोळ्यावर हिरवी पट्टी लावून कॉटवर आडव्या. त्यांना दिसत नव्हते, म्हणून प्रत्येक नाव कुणीतरी मोठ्याने सांगायचे.

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये एक बरी पद्धत आहे. जो संघ तळाला राहिला, त्याला पुढच्या वर्षी नवी पोरे निवडायचा पहिला मान. आपल्याकडे २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा देशी फुटबॉलपटूही असेच पाळीपाळीने निवडले गेले होते. आयपीएलमध्ये हरणाऱ्याला अशी दयामाया नाही. त्या लिलावात प्रत्येकाला १२० कोटींची थैली सारखीच होती, पुढे ज्याची अक्कल त्याच्यापाशी. आरसीबीने कोहली २१ कोटींना, रजत पाटीदार ११ ला आणि यश दयाल ५ ला ठेवून घेतला होता. हातात ८३ कोटी उरले होते.

भाच्याचे म्हणणे एकच, राहुल आणा. के. एल. राहुल आपला, कन्नडिगा. २०१६ साली आरसीबीकडून चांगला खेळला आणि २०१८ च्या लिलावात ११ कोटींना पंजाबला गेला. "तेव्हा घालवला, आता तरी परत आणा की!"

दाजी ग्रे कापडाचा व्यवहार करतात. त्यांना नावाचे कौतुक कमी. ते म्हणाले, "अरे, नावाचा माल घेऊन घेऊनच यांचं दिवाळं निघालंय. युवराजला १४ कोटी दिले, त्या जेमिसनला १५. कप कुठाय? १७ वर्षांत तीन फायनल हरले. मागाला सूत पाहिजे असताना जरीचा पदर घेऊन काय करायचं?"

भाचा चिडला, पण दाजींचा हिशेब खोटा नव्हता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हैदराबादने चिन्नास्वामीवर २८७ धावा कुटल्या होत्या. पहिल्या आठ सामन्यांत आरसीबीने एकच जिंकला होता. फलंदाजीला नाव ठेवायला जागा नव्हती, गोलंदाजीत भोक पडले होते. मी दोघांच्या मधे बसून कुंदा खात होतो. खरे सांगायचे तर मन भाच्याकडे होते आणि डोके दाजींकडे.

राहुलचे नाव आले. आरसीबीने थोडी बोली लावली, मग हात खाली घेतला. दिल्लीने १४ कोटींना नेला. भाचा उठून गॅलरीत गेला. त्या दिवशी आरसीबीने हेझलवूड १२.५० कोटींना घेतला, सॉल्ट ११.५० ला आणि आपल्या अमरावतीचा जितेश शर्मा ११ ला. सिराज १२.२५ कोटींना गुजरातला गेला आणि आरसीबीने त्याला परत घेण्याचा हक्क वापरला नाही.

नावे ऐकून ऐकून अज्जींनी कॉटवरूनच विचारले, "नम्म हुडुग यारू इल्लेनु?"

आपला पोरगा कुणीच नाही का? कुणापाशी उत्तर नव्हते. दाजींनी टीव्हीचा आवाज कमी केला.

दुसऱ्या दिवशी भुवनेश्वर १०.७५ कोटींना आला. आणि कृणाल पंड्या, ५.७५ ला. भाच्याने कपाळाला हात लावला. "हा कशाला? याला कोण बघायला येणार?" दाजी हसले. "अरे, हा तर तुझ्या गावचा! याच्या बापाचा धंदा इथंच होता सुरतेत. पोरांच्या क्रिकेटसाठी घर उचलून बडोद्याला गेला, किरण मोरेंच्या अकादमीत." भाचा गप्प झाला. शेवटी शेवटी देवदत्त पडिक्कल दोन कोटींना आला आणि मनोज भांडगे तीस लाखांना. भांडगे हे आडनाव ऐकून आक्का स्वयंपाकघरातून म्हणाली, "हा आपल्याकडचा दिसतोय गं बाई." कर्नाटकाचा होता. अज्जींना तेवढे समाधान.

पुढचा हंगाम मी घरी बसून आणि फोनवर पाहिला. १० एप्रिल २०२५ ला त्याच राहुलने चिन्नास्वामीवर नाबाद ९३ धावा काढून दिल्लीला जिंकून दिले. जिंकल्यावर बॅटने जमिनीवर गोल आखला आणि बॅट मधोमध रोवली. हे मैदान माझे आहे, असे. ते 'कांतारा' सिनेमावरून सुचले, असे त्यानेच नंतर सांगितले. रात्री भाच्याचा फोन आला. "मामा, हरल्याचं वाईट वाटू की आपला पोरगा खेळला म्हणून बरं वाटू?" अज्जींना त्याने तो प्रसंग समजावून सांगितला होता. अज्जी म्हणाल्या म्हणे, सासरी गेलेली पोर माहेरात आली की असंच करते.

आणि दाजींचा माल टिकला. हेझलवूडने हंगामात २२ बळी घेतले. लखनौला २२८ चे लक्ष्य असताना जितेशने ३३ चेंडूंत नाबाद ८५ मारल्या. बाहेरगावचे साखळीतले सातही सामने आरसीबीने जिंकले. ३ जूनला अहमदाबादला फायनल, समोर पंजाब. त्यात आमचा एक कन्नडिगा होता, मयांक अगरवाल. पडिक्कलला दुखापत झाली म्हणून मागाहून घेतलेला. आरसीबीच्या १९० धावा. कृणालने चार षटकांत १७ धावा देऊन दोन बळी घेतले आणि सहा धावांनी कप आला. सामनावीर कृणाल. ज्याला बघायला कोण येणार, तोच.

फोनवर नुसता गोंगाट होता. 'ई साला कप नमदे' हे वाक्य कित्येक वर्षे लोक चेष्टेने म्हणायचे, त्या रात्री अज्जी खरोखरच म्हणाल्या. दाजी मागून ओरडत होते, "सांग त्याला, सूत बघून घ्यावं लागतं!"

दुसऱ्या दिवशी बेंगळुरूत चिन्नास्वामीबाहेर चेंगराचेंगरी झाली. अकरा जण गेले, बहुतेक तरणी पोरे. भाच्याने तिकडे जायचा हट्ट धरला होता, आक्काने सोडले नव्हते. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा ती पहिली दोन मिनिटे काही बोललीच नाही. त्या आठवड्यात त्या घरात कपाचे नाव निघाले नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सोडलेल्या खेळाडूंची यादी आली. लिव्हिंगस्टन गेला, मयांक गेला, भांडगेही गेला. भाच्याचा फोन आलाच. "मामा, आता तर एक आपला पोरगा आणायलाच पाहिजे. पप्पांना सांग." मी म्हटले, तूच सांग. तिकडून दाजींचा आवाज आला, "आधी मधल्या फळीचं भोक बघ म्हणावं!" आणि त्याच्यावरून अज्जींचा, "येन अंतान अंव?"