लंडनची रात्र किती तासांची?

लंडन, नोव्हेंबर 2025

पंधरा दिवसांपूर्वी नांदेडहून ओळखीतल्या एका काकांचा फोन आला. मुलगा सप्टेंबरात मास्टर्ससाठी इथं आलाय. "पोरगं शुक्रवारी रात्री मित्रांबरोबर जातंय म्हणतं. एका रात्रीत पाच हजार रुपये जातात कुठं बाबा?" आवाजात राग नव्हता, धसका होता. शेत गहाण टाकून पोराला पाठवलंय, विचारणारच. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र. मराठवाड्यातून इथं येणाऱ्या प्रत्येक पोराच्या घरी हा प्रश्न कधी ना कधी निघतोच.

आधी पब म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडची परमिट रूम म्हणजे काळ्या काचा, मिणमिणता उजेड आणि ओळखीचं कुणी बघेल ही भीती. इथला पब गावच्या पारासारखा असतो. म्हातारी माणसं पेपर वाचत बसतात, कुणाचा कुत्रा पायाशी झोपलेला असतो. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसं सुटली की माणसं ग्लास हातात घेऊन फुटपाथवर उभी राहतात. वर्गातली ओळख इथं मैत्री होते, ऑफिसात न बोललेली गोष्ट इथं बोलली जाते. कुठं जागा निघणार आहे, कोणता साहेब कसा आहे, हे पोराला इथंच कळतं. म्हणून 'जाऊच नको' असं मी त्याला सांगणार नाही. पहिल्या वर्षी पैशाच्या भीतीनं खोलीत कोंडून घेतलेली आणि आतल्या आत खचलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता पैशाचं. पबात टेबलाशी वेटर येत नाही. आपण काउंटरवर जायचं, मागायचं, तिथंच कार्ड टेकवायचं. बिअरचा पाइंट 568 मिलिलिटरचा. मध्य लंडनमध्ये त्याला साडेसहा पौंड सहज पडतात. त्यात 20 टक्के व्हॅट आहे, दारूवरचं शुल्क आहे, जागेचं भाडं आहे आणि ग्लास भरून देणाऱ्या पोराचा पगार आहे. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही तासाला 12.21 पौंडांहून कमी देणं 2025 मध्ये इथं कायद्यानं चालत नव्हतं. हे ध्यानात घेतलं की भाव समजतो, पण खिशाला आराम पडत नाही.

खिसा खरा रिकामा होतो तो राऊंडमध्ये. आपल्याकडं टपरीवर चहाचे पैसे देताना "राहू दे, मी देतो" अशी झटापट होते. ज्याच्या हाताला आधी गल्ला लागला तो देतो, आणि पुढच्या वेळी कुणाची पाळी हे कुणी लक्षात ठेवत नाही. राऊंड दिसायला तसाच. पाचजण बसले की एकजण उठतो आणि पाचांचं घेऊन येतो. मग दुसरा उठतो. पण इथं पाळी सगळ्यांच्या पक्की लक्षात असते. कुणी बोलून दाखवत नाही, पण चार जणांचं पिऊन आपली पाळी आली की जो निघून जातो, त्याचं नाव खराब होतं. पाच पाइंटचा एक राऊंड म्हणजे साडेबत्तीस पौंड. घरून आलेल्या पोराच्या मनात लगेच गुणाकार सुरू होतो: पावणेचार हजार रुपये! आणि त्याच्या घशाखाली घोट उतरत नाही.

मी काकांच्या पोराला सांगितलं, रुपयांत गुणू नकोस, तासांत भाग. विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच काम करता येतं. त्या किमान वेतनावर एक पाइंट म्हणजे अर्ध्या तासाहून जास्त काम. पाचांचा राऊंड म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं उभं राहून भांडी विसळणं. बापाचे पाच हजार म्हणजे साधारण साडेतीन तास, आठवड्याच्या कमाईचा सहावा हिस्सा. असं मोजलं की घाबरायला होत नाही आणि उधळायलाही होत नाही. मग बसल्याबसल्याच सांगायचं, "मी राऊंडमध्ये नाही, माझं मी घेतो." कुणाला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते मधूनच सटकलं तर. आणि दारू पिणाऱ्याच्या जोडीनं प्यायलाच पाहिजे असंही नाही. दारूचा परवाना असलेल्या जागेत नळाचं प्यायचं पाणी मागितलं तर फुकट द्यावं लागतं, तसा नियमच आहे. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं पाहिलेल्या लातूरकराला त्या ग्लासाचं मोल वेगळं सांगायला नको.

अकराच्या सुमाराला अनेक पबांत घंटा वाजते: शेवटचं काय ते मागा. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यातले कामगार सकाळी शुद्धीवर असावेत म्हणून सरकारनं पबांच्या वेळा आवळल्या. तो फास नोव्हेंबर 2005 मध्ये नवा परवाना कायदा लागू झाल्यावर खरा सैल झाला, पण सवय गेली नाही. माणसं अजूनही लवकर सुरू करतात आणि भरभर पितात.

त्यानंतर घरी परतायचं. बारा-साडेबाराला भुयारी रेल्वे थांबते. शुक्रवारी आणि शनिवारी पाच मार्गांवर ती रात्रभर धावते, ही सोय 2016 पासूनची. इतर रात्री ती चुकली की टॅक्सी आणि मग सगळा हिशेब कोलमडतो. बस मात्र रात्रभर असते. 2025 च्या दरानं 1.75 पौंडांत, तासाभरात हव्या तितक्या बस बदलता येतात. वेळ लागतो, पण वरच्या मजल्यावर पुढच्या काचेशी बसलं की अख्खं शहर दिसतं.

याच शहरात स्वस्तातली रात्रही आहे, ती शोधावी लागते. थेम्सकाठच्या शेक्सपिअर्स ग्लोबमध्ये अंगणात उभं राहून नाटक बघायला पाच पौंडांपासून तिकीट आहे. मी पहिल्यांदा तिथं उभा राहिलो तेव्हा मला माळेगावची यात्रा आठवली. खंडोबाच्या त्या यात्रेत तमाशाच्या कनातीत आम्ही धुळीत मांडी घालून बसायचो, आणि सोंगाड्या आमच्याशीच बोलतोय असं वाटायचं. ग्लोबमध्येही अंगणातला माणूस नटाच्या इतका जवळ असतो की नट थेट त्याच्या डोळ्यांत बघून बोलतो. महागड्या खुर्च्या मागं, गॅलरीत. उन्हाळ्यात रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रॉम्स नावाच्या संगीत मैफली भरतात. त्या 1895 मध्ये सुरू झाल्या तेव्हा उभ्यानं ऐकण्याचं तिकीट एक शिलिंग होतं. गरिबानंही चांगलं संगीत ऐकावं हा त्यामागचा हेतू, आणि उभ्या जागा आजही स्वस्त ठेवल्या आहेत. शुक्रवारी ब्रिटिश म्युझियम रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं, मोफत.

परवाच्या शनिवारी त्या पोराला साउथॉलच्या गुरुद्वारात घेऊन गेलो. पंगतीत बसलो. डाळ वाढणाऱ्या म्हाताऱ्या सेवादारांनी गाव विचारलं. पोरगं दबकत म्हणालं, "नांदेड." इथं हे नाव सांगून कुणाला कळत नाही, ही त्याची सवय. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली, हात जोडले आणि म्हणाले, "हजूर साहिब!" गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये जिथं देह ठेवला, त्या गावचं हे पोरगं. मग त्यांनी त्याच्या ताटात न मागता आणखी एक रोटी ठेवली, शेजारच्यांना सांगितलं आणि दोघंतिघं येऊन त्याच्याशी बोलत बसले. गोदावरीचा घाट कसा आहे, गर्दी किती असते, सगळं विचारलं.

बसमध्ये चढल्याबरोबर त्यानं घरी फोन लावला. नांदेडात मध्यरात्र उलटून गेली होती, पण पहिल्याच रिंगला काकांनी उचलला.