झटका मशीन बोगस नाही, तारेची बांधणी बघा

सोयाबीन उगवलं की आपल्याकडं मानोरा, कारंजा, मंगरुळपीर भागात सोलर झटका मशीनची विचारपूस सुरू होते. रोही आणि रानडुकरं एका रात्रीत काय करून ठेवतात, हे तुम्हाला सांगायला नको. मशीन विकली जाते आणि पंधरा दिवसांत गिऱ्हाईक परत येतं: "भाऊ, मशीन बोगस आहे, झटकाच बसत नाही." काउंटरवर लावली की तीच मशीन टकटक चालते. मग बिघाड कुठं? बहुतेक वेळा इन्सुलेटरवरच्या बांधणीत.

मशीन साधारण सेकंदाला एक ठोका देते, हजारो व्होल्टचा, पण क्षणभराचा. तार लोखंडी अँगलला टेकली की तो तिथंच जमिनीत उतरतो, पुढच्या तारेत जीव राहत नाही.

मधल्या खांबांवर तार इन्सुलेटरला गुंडाळू नका. "पक्की बसू दे" म्हणून बरेच जण एक वेढा मारतात. तिथं तार मुडपते, जस्ताचा थर तडकतो आणि गंज तिथूनच धरतो. शिवाय तार सरकत नाही, त्यामुळं कोपऱ्यावरून दिलेला ताण पहिल्याच खांबाशी अडतो. 100 मीटर जीआय तार 30 अंशांच्या फरकानं जवळपास साडेतीन सेंटिमीटर कमी-जास्त होते. मे महिन्याच्या दुपारी आणि डिसेंबरच्या पहाटे आपल्याकडं एवढा फरक सहज पडतो. तेव्हा मधे तार खाचेत नुसती बसवा, तिला सरकू द्या.

गच्च बांधायचं ते फक्त शेवटच्या आणि कोपऱ्याच्या खांबाला. तिथं चिनीमातीचा अंडा इन्सुलेटर घ्या. त्याची दोन छिद्रं एकमेकांना आडवी असतात. एकातून खांबाकडची तार, दुसऱ्यातून लाईनची. दोन्ही वळसे एकमेकांत अडकतात, मधे चिनीमाती दाबली जाते. अंडा फुटला तर करंट उतरेल, पण तार सुटून पडणार नाही. हॅम रेडिओवाले अँटेनाची तार अशीच टांगतात. वळसा घेतल्यावर टोकाचे मूळ तारेवर पाच-सहा वेढे जवळजवळ मारा. पक्कडीनं तार चावू नका. उरलेलं टोक कापून टाका, नाहीतर ते खांबाकडं वळतं आणि ठिणगी पडते. अंधारात कुंपणाशेजारून चाला, ठिणगी दिसते आणि आवाजही येतो.

दुकानदारांसाठी सांगतो. दुकानाबाहेर दोन खांब रोवा आणि मशीन देताना ही बांधणी गिऱ्हाइकाच्या हातानं करून घ्या. दहा मिनिटं जातात, पण रात्रीचे फोन वाचतात. प्लास्टिकचे इन्सुलेटर काळेच ठेवा, ते उन्हात जास्त टिकतात. आणि कुणी विचारलं, "मशीन कशाला, मोटारीचीच लाईन सोडतो ना तारेत?" तर त्याला तारसुद्धा विकू नका. त्या लाईनचा करंट सलग वाहतो, धरलेला हात सुटत नाही. रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी त्याच धुऱ्यावरून जातो.