एका तिकिटात दोघी

परीक्षा संपली की तुम्हीही ‘काहीतरी हलकंफुलकं’ शोधता ना? मीही तेच शोधत होते. पोस्टर गोड दिसलं म्हणून ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ लावला आणि फसले! १९४५ चं कोबे. बॉम्बहल्ल्यात आई गेलेली. १४ वर्षांचा सेइता आणि ४ वर्षांची सेत्सुको नातेवाईक बाईच्या टोमण्यांना कंटाळून घर सोडतात. त्यांना शोधायला कुणीच येत नाही.

दुसऱ्या दिवशी उतारा म्हणून ‘माय नेबर टोटोरो’ पाहिला. इथेही ४ वर्षांची मेई हरवते. पण तिच्यासाठी अख्खं गाव धावतं, तळंसुद्धा धुंडाळतं. गंमत म्हणजे, १९८८ मध्ये जपानी थिएटरांत हे दोन्ही सिनेमे जोडीनेच लागले होते!

माझं मत? टोटोरो झकासच, पण खरी जादू त्या शेजाऱ्यांची. सेइताचा हट्ट मलाही खटकला. पण १४ वर्षांच्या पोराने शहाणं व्हायचं आणि मोठ्यांनी नुसतं बघायचं, हा कुठला न्याय?

दोन्ही बघाच, पण याच क्रमाने. आणि प्लीज, दीडपट स्पीडवर नको!