पंचांग बघून ठरवलेली सहल

दिवाळीत मुलांना घेऊन अलिबागला जाणारी बहुतेक कुटुंबं राहण्याची जागा आधी ठरवतात. समुद्राचा विचार तिथे पोचल्यावर. मग सकाळी आठ-नऊची ओहोटी झोपेत आणि नाश्त्यात निघून जाते. दुपारी कुलाबा किल्ल्याकडे जायला निघावं तर मध्ये पाणी भरलेलं. किल्ला काठावरून दाखवला जातो, घोडागाडीची फेरी होते, भेळ खाल्ली जाते आणि मुलं मोबाइलकडे वळतात. खरं तर समुद्राचं वेळापत्रक घरात भिंतीवरच टांगलेलं असतं. दिनदर्शिकेतली तिथी वाचता आली की झालं.

किनाऱ्यावरच्या माणसांचा आडाखा असा: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, आलेला आकडा म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी पूर्ण होते. चौथी-पाचवीतल्या मुलाला हे गणित सहज जमतं, त्यामुळे ते त्याच्याकडेच सोपवावं. एका कागदावर चार दिवसांच्या चार तिथी आणि त्यांच्यापुढे भरती-ओहोटीच्या वेळा. सहलीचा आराखडा म्हणून एवढा कागद पुरतो. जेवणं, झोपा, फिरणं सगळं त्याभोवती बसवायचं.

मुलांकडून दोन प्रश्न हमखास येतात. पहिला: पाऊणनेच का गुणायचं? चंद्र पृथ्वीभोवती फिरतो, त्यामुळे तो रोज आदल्या दिवसापेक्षा साधारण 50 मिनिटं उशिरा आपल्या डोक्यावर येतो. भरतीही त्याच्याबरोबर तेवढीच मागे सरकते. 50 मिनिटं म्हणजे जवळजवळ पाऊण तासच. दुसरा प्रश्न जास्त चांगला: चंद्र एकाच बाजूला असतो, मग भरती दिवसातून दोनदा कशी? चंद्राची ओढ जवळच्या गोष्टीवर जास्त आणि लांबच्या गोष्टीवर कमी असते. चंद्राकडच्या बाजूचं पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा जास्त ओढलं जातं आणि तिथे फुगवटा येतो. पलीकडच्या बाजूचं पाणी मध्यापेक्षा कमी ओढलं जातं, मागे राहतं, म्हणून तिथेही फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपण या दोन्ही फुगवट्यांखालून जातो. सहलीपुरतं एवढं उत्तर पुरे.

आता तारखा. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्याची ओढही चंद्राच्या ओढीत मिसळते. पाणी खूप चढतं आणि तितकंच लांब ओसरतं. हे उधाण. अष्टमीच्या सुमाराला दोन्ही ओढी एकमेकींना छेद देतात, पाण्याची चढउतार कमी होते. तो भांग. पाणी लांबपर्यंत हटायला हवं असेल तर उधाणाचे दिवस पाहिजेत. पण ऐन अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते आणि ओहोटी पहाटे व सांजेला, म्हणजे मुलांच्या दृष्टीने गैरसोयीच्या वेळी. अष्टमीला ओहोटी भर दुपारी, तीही अर्धवट. मधल्या तृतीया, चतुर्थी, पंचमी या तिथी मात्र नेमक्या जमतात. उधाणाचा जोर अमावास्येनंतरही काही दिवस टिकून असतो आणि ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान येते.

दिवाळीचा क्रम यात फार सुरेख बसतो. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, पाडवा प्रतिपदेचा, भाऊबीज द्वितीयेची. घरचे सणवार आटोपून निघावं, तर पुढच्या तीन तिथी अशा की सकाळचा समुद्र मुलांसाठी मोकळा. नाताळच्या सुट्टीत असा हमखास मेळ नसतो. तेव्हा दिनदर्शिका बघून दोन दिवस मागेपुढे करावं लागतं. पावसाळ्याचे महिने मात्र या सहलीसाठी सरळ वगळा.

हा आडाखाच आहे, हे मुलांनाही सांगावं. मुंबई-अलिबागला तो बऱ्यापैकी लागू पडतो. दक्षिणेला मालवणकडे भरती आणखी आधी येते. दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात, एक जास्त खोल जाते. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो. निघण्याआधी आपला कागद त्यांच्याशी पडताळून घ्यावा. कागदावरची वेळ आणि कोष्टकातली वेळ यांत अर्ध्या-पाऊण तासाचा फरक निघाला की मुलं तावातावाने कारण शोधू लागतात. पाण्यात उतरण्याआधी मात्र किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारायचं आणि त्यांचा शब्द शेवटचा मानायचा.

पहिला दिवस तृतीयेचा. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रो बोटीने मांडव्याला उतरायला साधारण तास लागतो. दुपारी जेवून सगळ्यांनी झोपावं. मुलांच्या सहलीतली ही दुपारची झोप कुठल्याही प्रेक्षणीय स्थळासाठी सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. भरती सव्वादोनच्या सुमाराला होऊन गेलेली असते. पाच वाजता किनाऱ्यावर एक काठी घेऊन जा आणि पाण्याच्या कडेला रोवा. पंधरा मिनिटांनी पाणी जिथे असेल तिथे दुसरी खूण करा, मग तिसरी. अलिबागची पुळण इतकी सपाट आहे की पाणी मागे सरकताना डोळ्यांना दिसतं.

पाचची वेळ मुद्दाम निवडलेली आहे. पाणी सहा तास सारख्या वेगाने उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी उतरतं, असा ढोबळ हिशेब आहे. उधाणाला 3.6 मीटरचा फरक धरला तर एक भाग 30 सेंटिमीटरचा. म्हणजे मधल्या दोनच तासांत 1.8 मीटर, एका उंच माणसाएवढं पाणी. चढतानाही पाणी याच हिशेबाने चढतं. दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर रमलेल्या मुलांना परत फिरवताना हे गणित उपयोगी पडतं. मोठ्यांनी ओरडावं लागत नाही.

चतुर्थीची भरती दुपारी तीनची, म्हणून सकाळची ओहोटी नऊच्या अलीकडे-पलीकडे. पाणी अजून उतरत असताना, पावणेआठच्या सुमाराला किनाऱ्यावर हजर व्हा आणि वाट मोकळी झाली की चालू लागा. ओहोटी पूर्ण होऊन पाणी फिरलं की परतीची तयारी करायची. या नियमाला सूट नाही. पायांत घट्ट बसणारे जुने सँडल हवेत, कारण खडकांवरची कालवं तळपाय कापतात.

किल्ल्याचं बांधकाम शिवाजी महाराजांच्या काळात सुरू झालं आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ते ठाणं बनलं. एवढं सांगून थांबावं. बाकीचं मुलांना शोधू द्यावं. तटाचे मोठाले दगड एकमेकांवर चुन्याशिवाय रचलेले दिसतात. लाट आदळली की पाणी फटींमध्ये शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. चाकांच्या गाड्यावरच्या दोन तोफांवर इंग्रजी अक्षरं आहेत. वाचायला लावलीत तर मुलं यॉर्कशायरपर्यंत पोचतील आणि 1849 साल वाचून विचारतील की तेव्हा आंग्रे होते का.

दिवसाला एकच प्रश्न ठेवावा. प्रश्नावल्या छापून नेणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांच्या मुलांची मान कागदातून वर येत नाही. या दिवसाचा प्रश्न: चहूकडे खारं पाणी असताना किल्ल्यात गोड पाणी कुठून? उत्तर मुक्कामी, दोन पेल्यांत. एका पेल्यात मीठ आणि हळद घातलेलं पाणी, दुसऱ्यात साधं. साधं पाणी चमच्याच्या पाठीवरून हळूहळू पहिल्या पेल्यात सोडलं की ते वरच राहतं. पावसाचं पाणी खडकात आणि मातीत मुरून खाऱ्या पाण्यावर असंच तरंगत राहू शकतं.

पंचमीला ओहोटी साडेनऊ-पावणेदहाची. हा दिवस कोर्लईच्या बाजूला, किल्ल्याच्या टेकडीखालच्या खडपात आणि आसपासच्या वाळूत घालवा. चालणं कमी, बसणं जास्त. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या ते वाटाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल, एका बिळाभोवती पसरलेली. शेजारी पाच मिनिटं न हलता बसलं की नखाएवढा खेकडा बाहेर येतो, वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं खाणं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. सावली हलली की गडप. एरवी दहा मिनिटं एका जागी न बसणारी मुलं इथे श्वास रोखून बसतात. खडपातल्या डबक्यांत समुद्रफुलं असतात, शंख चालताना दिसतात. उलटून पाहिलं तर आत खेकडा. उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा आणि आत काही राहत असलेला शंख घरी आणायचा नाही.

दुपारनंतर रेवदंड्यात थांबा. अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात इथेच, चौलच्या बंदरात उतरला. विकायला त्याने एक घोडा आणला होता आणि जुन्नरला तिथल्या खानाने तो काढून घेतला. पुढे परत मिळाला, पण कसा, ते मुलांना शोधू द्या. कोर्लई गावात आजही पोर्तुगीजमधून घडलेली एक बोली बोलली जाते. ती कानावर पडली तर नशीब.

अलिबागमधल्या चुंबकीय वेधशाळेत आत जायचं तर परवानगीची चौकशी आधी करावी लागते आणि दिवाळीत दार बंदच असण्याची शक्यता जास्त. तरी फाटकासमोर उभं राहून गोष्ट सांगता येते. ही वेधशाळा आधी मुंबईत कुलाब्याला होती. शहरात विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर नाजूक चुंबकीय मोजमापं बिघडणार हे दिसू लागलं, म्हणून 1904 मध्ये ती इथे हलवली. खिशात होकायंत्र असेल तर मोबाइल त्याच्याजवळ नेऊन सुई कशी ढळते ते लगेच दाखवा.

जंजिरा या खेपेला वगळा. नातेवाईक नावं ठेवतील, पण मुरूडपर्यंतचा रस्ता, राजपुरीची रांग आणि शिडाच्या होडीतली चढउतार यांत अख्खा दिवस जातो. त्यासाठी वेगळा मुक्काम करावा.

षष्ठीला ओहोटी सव्वादहाच्या पुढे जाते, ऊन चढतं, म्हणून तो दिवस परतीचा. बोटीचं येतानाचं तिकीट जातानाच काढून ठेवा. सुट्टीच्या शेवटी गाडीला ऐन वेळी जागा मिळणं कठीण असतं, आणि मग वडखळच्या रस्त्याने जायचं म्हणजे मुलांसाठी डबा आणि पाणी दुप्पट बरोबर घ्यायला हवं.