कर्नल मेमरीत स्वतःची जागा कशी घेतो

आपण एखादा प्रोग्राम सुरू करतो तेव्हा त्याच्यासाठी सगळी मांडामांड ऑपरेटिंग सिस्टीमने आधीच करून ठेवलेली असते. फाइल डिस्कवरून उचलायची, मेमरीत जागा द्यायची, पत्ते जुळवायचे आणि मग पहिल्या सूचनेकडे बोट दाखवायचं, ही सगळी कामं कर्नल करतो. खुद्द कर्नल सुरू होताना मात्र हे करायला कोणी नसतं. बूटलोडर त्याला मेमरीत आणून सोडतो, पण त्यापुढचं बरंचसं काम त्याला स्वतःच करावं लागतं. तेही आपण नेमके कुठे आहोत हे माहीत नसताना. लिनक्स हे कसं करतो, ते एक्स-८६ जातीच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या पीसी-लॅपटॉपवर पाहू.

अडचण कुठे येते ते आधी बघू. कंपायलर आणि लिंकर मिळून कर्नलची फाइल तयार करतात, तेव्हा त्यातल्या प्रत्येक फंक्शनला आणि व्हेरिएबलला एक पत्ता ठरवून द्यावा लागतो. एका फंक्शनने दुसऱ्या फंक्शनचा पत्ता तक्त्यात नोंदवला असेल, तर तो आकडा फाइलमध्ये जसाच्या तसा लिहिला जातो. कर्नल अमुक ठिकाणी बसेल असं लिंकर गृहीत धरतो. गृहीत बरोबर ठरलं तर सगळं सुरळीत. कर्नल दुसरीकडे बसला, तर त्यातला प्रत्येक थेट पत्ता चुकीचा.

सुरुवातीच्या काळात यावर उत्तर सरळ होतं, गृहीत धरलेल्या जागीच कर्नल नेऊन बसवायचा. जुन्या पद्धतीच्या पीसीत बायोस डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे फक्त ५१२ बाइट, मेमरीत ३१,७४४ या पत्त्यावर आणतो. हा आकडा वरवर विचित्र वाटतो, पण ३२ केबीतून शेवटचा १ केबी वजा केला की तोच येतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१मध्ये हेलसिंकीत लिहिलेल्या लिनक्स ०.०१ या आवृत्तीत हा सेक्टर जागा झाला की आधी स्वतःचीच नक्कल ५७६ केबीपाशी करायचा आणि तिथे उडी मारायचा. मग बायोसच्या मदतीने डिस्कवरून कर्नल ६४ केबीपासून पुढे भरायचा. एवढं झाल्यावर पूर्ण कर्नल उचलून शून्य या पत्त्यावर आणायचा, कारण तो शून्यासाठीच लिंक केलेला होता.

थेट शून्यावरच का नाही भरला? कारण मेमरीचा पहिला १ केबी बायोसच्या इंटरप्ट तक्त्याने अडवलेला असतो आणि डिस्क वाचायची तर त्याच तक्त्याची गरज. म्हणून बायोसचं काम संपेपर्यंत थांबायचं, इंटरप्ट बंद करायचे आणि मगच त्या जागेवर कर्नल आणायचा. मला हा क्रम फार आवडतो. लिनक्सच्या अगदी पहिल्या आवृत्तीतही कर्नलला जागा बदलावी लागली, आणि कारण साधं: हवी असलेली जागा त्या क्षणी दुसऱ्याची होती.

कर्नल वाढत गेला तशी खालची मेमरी पुरेना. तो दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून ठेवायची पद्धत आली. मग बीझेड-इमेज हा प्रकार आला, ज्यात कर्नलचा मुख्य भाग १ एमबीच्या वर भरला जातो. आज एक्स-८६ कर्नलची ठरलेली जागा १६ एमबीवर असते. त्याखालच्या मेमरीपर्यंतच जुन्या आयएसए उपकरणांचा डीएमए, म्हणजे प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत वाचण्या-लिहिण्याची सोय, पोहोचतो, त्यामुळे ती मोकळी राहिलेली बरी.

ठरलेल्या जागेचा हट्ट सोडावा लागला तो क्रॅशमुळे. २००५मध्ये, २.६.१३ या आवृत्तीत केडंप आलं. कल्पना अशी की चालू कर्नल कोसळला तर मेमरीत आधीच राखून ठेवलेल्या कोपऱ्यात दुसरा छोटा कर्नल सुरू करायचा आणि त्याने मेलेल्या कर्नलची मेमरी जशीच्या तशी डिस्कवर उतरवून घ्यायची. दुसरा कर्नल पहिल्याच्या जागेवर बसला तर जो पुरावा जपायचा तोच पुसला जाणार. त्यामुळे सुरुवातीला लोकांना दोन वेगवेगळे कर्नल बांधावे लागत, एक नेहमीच्या जागेसाठी आणि एक राखीव जागेसाठी. एरिक बीडरमन आणि तेव्हा आयबीएमच्या भारतातल्या गटात असलेले विवेक गोयल यांच्या कामातून ही दुहेरी बांधणी संपली. २.६.२०पासून ३२-बिट कर्नल आणि २.६.२२पासून ६४-बिट कर्नल कुठेही बसू शकतो. त्याच्या हेडरमध्ये तशी खूण असते, किती एमबीच्या पटीत बसवायचा हेही लिहिलेलं असतं, आणि बूटलोडर ते वाचून जागा ठरवतो.

आता कर्नल मेमरीत आला आहे आणि त्याची पहिली सूचना चालू होते. पहिला प्रश्न: मी कुठे आहे? ३२-बिट मोडमध्ये प्रोसेसरला हे थेट विचारायची सोय नाही, म्हणून एक युक्ती केली जाते. प्रोग्राम आपल्या लगेच पुढच्याच सूचनेला ‘कॉल’ करतो. कॉल म्हटलं की परत यायचा पत्ता प्रोसेसर स्टॅकवर ठेवतो. तो पत्ता स्टॅकवरून लगेच काढून घ्यायचा, परतायचं नाहीच. हाती आलेला आकडा म्हणजे खरी जागा. त्यातून लिंकरने गृहीत धरलेली जागा वजा केली की फरक कळतो. पण यासाठी स्टॅक लागतो, आणि इतक्या लवकर स्टॅकही उभा झालेला नसतो! त्यावर तोडगा असा की बूटलोडरने दिलेल्या माहितीच्या ढाच्यातच चार बाइट मोकळे ठेवले आहेत. एक पत्ता मावेल एवढाच हा स्टॅक, आणि तेवढ्यावर काम भागतं. ६४-बिट मोडमध्ये चालू सूचनेपासूनचं अंतर धरून पत्ता काढता येतो, त्यामुळे तिथे हा खटाटोप लागत नाही.

पुढची पायरी कर्नल उलगडण्याची. दाबलेला कर्नल आणि उलगडलेला कर्नल यांना मिळून एकच पट्टा वापरायचा असतो, वेगळी मोठी जागा घ्यायची नसते. सुरुवातीपासून उलगडत गेलं तर उलगडलेला भाग न उलगडलेल्यावर चढेल. भरलेल्या खोलीत फरशी बसवायची झाली तर आधी सगळं सामान एका भिंतीला सरकवतात, तसं इथे दाबलेला कर्नल आधी स्वतःला पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला सरकवतो. ही नक्कलही शेवटच्या बाइटपासून मागे मागे येत केली जाते, कारण जुनी आणि नवी जागा एकमेकांवर आलेल्या असतात आणि पुढून सुरुवात केली तर न वाचलेल्या बाइटवरच लिहिलं जाईल. मग पट्ट्याच्या सुरुवातीला उलगडा सुरू होतो. पट्टा किती लांब हवा हा आकडाही हेडरमध्ये असतो. तो नीट हिशेब करून काढलेला असतो, त्यात अंदाज चालत नाही. बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआयच्या मार्गाने सुरू होणाऱ्या नव्या कर्नलांनी ही सरकवासरकव टाळली आहे, पण ग्रब या बूटलोडरच्या जुन्या मार्गाने गेलात तर ती अजूनही होते.

आता येतं पत्त्यांच्या दुरुस्तीचं, म्हणजे रिलोकेशनचं काम. कर्नल बांधताना एक छोटं साधन अख्खी फाइल चाळतं आणि थेट पत्ते कुठे कुठे लिहिलेले आहेत याची यादी बनवतं. ही यादी कर्नलच्या शेवटी जोडलेली असते. उलगडा झाल्यावर कर्नल ती यादी मागून पुढे वाचतो आणि यादीतल्या प्रत्येक ठिकाणी फरक मिळवतो.

एक आकडा जवळून पाहू. ६४-बिट लिनक्समध्ये कर्नलचा कोड आभासी, म्हणजे प्रोग्रामला दिसणाऱ्या, पत्त्यांच्या अगदी शेवटच्या २ जीबीत राहतो. त्या २ जीबीच्या सुरुवातीपासून १६ एमबीवर कर्नल बसेल असं लिंकरने धरलं. त्यातल्या एका व्हेरिएबलचा पत्ता २४ एमबी अधिक १६ बाइट आहे. फाइलमध्ये हा पत्ता चार बाइटांत, उलट्या क्रमाने, षोडशमान पद्धतीत असा दिसतो: १०, ००, ८०, ८१. आता कर्नल ठरलेल्या जागेपेक्षा ३२० एमबी पुढे बसला. मिळवणी झाल्यावर तेच चार बाइट होतात १०, ००, ८०, ९५. बदलला तो फक्त शेवटचा बाइट. वरचे चार बाइट लिहायची गरजच नाही, कारण शेवटच्या २ जीबीत ते नेहमी सारखेच असतात आणि प्रोसेसर ते स्वतः भरून घेतो. कर्नलसाठी नेमकी हीच जागा निवडण्यामागे एवढी काटकसर आहे.

इथे ३२-बिट आणि ६४-बिटमधला फरक सांगायला हवा, कारण बरेच जण इथेच गोंधळतात. नेहमीच्या मांडणीच्या ३२-बिट लिनक्समध्ये आभासी पत्ता म्हणजे खरा पत्ता अधिक ३ जीबी, असं ठाम नातं आहे. खरी जागा सरकली की आभासी पत्ता सरकतो, आणि यादी वापरून दुरुस्ती करणं भाग पडतं. ६४-बिटमध्ये कर्नल कोडचं हे नातं सैल केलं आहे. कर्नल खऱ्या मेमरीत कुठेही असो, आभासी पत्ते खऱ्या पत्त्यांशी जोडणारं पेज टेबल त्याला त्याच आभासी पत्त्यावर दाखवतं. एका व्हेरिएबलमध्ये फरक लिहून ठेवला की झालं, एकही पत्ता बदलावा लागत नाही. म्हणजे केवळ क्रॅशच्या सोयीसाठी ६४-बिटला दुरुस्तीची यादी लागलीच नसती.

ती लागली सुरक्षेसाठी. कर्नल दरवेळी एकाच पत्त्यावर असेल तर हल्लेखोराला हवं ते फंक्शन कुठे आहे हे घरबसल्या कळतं. केस कुक यांच्या कामातून २०१४मध्ये, ३.१४ या आवृत्तीत एक्स-८६साठी केएएसएलआर आलं. यात कर्नल सुरू होतानाच स्वतःसाठी यादृच्छिक जागा निवडतो. त्यासाठी प्रोसेसरची यादृच्छिक आकड्याची सूचना आणि घड्याळाचे ठोके मिसळले जातात. प्रोसेसरकडे या सोयी नसतील तर जुन्या टायमर चिपचा आधार घेतला जातो. जागा निवडताना स्वतःची दाबलेली प्रत, सुरुवातीचा रॅमडिस्क आणि कमांड लाइन यांच्यावर पाय पडणार नाही याची काळजी घेतली जाते. ४.८पासून ६४-बिटवर खरी आणि आभासी जागा वेगवेगळी निवडली जाते, आणि ४.१२पासून ही सोय मुळातच चालू असते.

हे संरक्षण किती भक्कम आहे? माझ्या मते, उपयोगी पण तोकडं. आभासी जागेसाठी १ जीबीचा पट्टा, २ एमबीच्या पटीत. म्हणजे निवडायला पाचशेच्या आतच जागा. शिवाय अख्खा कर्नल एकाच फरकाने सरकतो, त्यामुळे एक पत्ता फुटला की सगळे फुटले. म्हणूनच ४.१५पासून कर्नलच्या लॉगमध्ये पॉइंटर छापताना सहसा त्याचा खरा आकडा न देता हॅश दिला जातो.

तुमच्याकडे लिनक्स असेल तर प्रॉक फोल्डरातली कॅलसिम्स ही फाइल रूट होऊन उघडा आणि टेक्स्ट या चिन्हाचा पत्ता लिहून घ्या. मशीन पुन्हा सुरू करून तोच पत्ता परत पाहा, तो जवळजवळ नक्की बदललेला असेल. साध्या वापरकर्त्याला तिथे बहुधा नुसती शून्यं दिसतील, आणि ते योग्यच आहे. कर्नल डीबग करताना पत्ते स्थिर राहावेत म्हणून बूटच्या ओळीत नोकेएएसएलआर हा शब्द घालण्याचा रिवाज आहे. काम झालं की तो आठवणीने काढा, विशेषतः ते मशीन नेटवर्कवर असेल तर.